आरोग्य विम्याचे कागद: मसुद्यावर सूचना पाठवताना नेमकं काय लिहायचं?

करवीर_विमा

मंडळी, नवे नियम करण्याआधी आयआरडीएआय (हैदराबादची विमा नियामक संस्था) मसुदा साइटवर टाकते आणि लोकांच्या सूचना मागवते. मुदत संपत आली की आपल्याकडच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरायला लागतो: "कागदपत्रं कमी करा, सामान्य माणसाला त्रास होतो." शंभर जणांनी तोच चिकटवून पाठवला तरी ती एकच सूचना धरली जाणार. शिवाय ती वाचून तिथल्या अधिकाऱ्यानं करायचं काय? कोणता कागद, कोण मागतंय, कुठल्या टप्प्यावर, त्याच्या जागी काय चाललं असतं, यातलं त्यात काहीच नसतं.

सूचना बहुतेक वेळा तक्त्यात मागवतात. कलम क्रमांक, मसुद्यातला मजकूर, तुम्ही सुचवलेला मजकूर आणि कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवून चौथ्यात राग काढला की सूचना वाया गेली.

म्हणून हा धागा. पुढचा मसुदा आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच ओळी तयार ठेवू. ज्याच्या टेबलावरून जो कागद जातो, त्यानं त्याच कागदाबद्दल लिहावं. कुठं अडतं, का अडतं आणि त्याऐवजी काय चालेल, एवढंच. कंपन्यांची, दवाखान्यांची नावं नकोत.

क्लेमडेस्क

कॅशलेसपासून, म्हणजे बिल कंपनीच थेट दवाखान्याला देते त्या दाव्यांपासून, सुरुवात करते. दाखल होताना जो प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा, फॉर्म जातो, त्याला भाग क म्हणतात. वरचा भाग पेशंटचा, मधला डॉक्टरांचा, खाली अंदाजे खर्च: रूम, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, तपासण्या, औषधं, इम्प्लांट असा फोड करून. परतफेडीच्या दाव्याला भाग अ विमाधारकानं भरायचा आणि भाग ब दवाखान्यानं.

भाग क मध्ये एकच रकाना सगळ्यात जास्त क्वेऱ्या, म्हणजे कंपनीकडून जादा कागद-माहितीच्या मागण्या, काढतो. बीपी, शुगर, दमा वगैरे "कधीपासून". तो भरला कसा जातो ते बघा. रात्री पेशंट येतो, ड्यूटीवरचा डॉक्टर नातेवाइकाला विचारतो, नातेवाईक म्हणतो "झाली असतील चार-पाच वर्षं". केस पेपरवर "पाच वर्षांपासून" असं पडतं. सकाळी फॉर्म भरताना पेशंटची बायको सांगते दोन वर्षं, फॉर्मवर दोन जातं. दोन कागद, दोन आकडे, आणि पॉलिसी तीन वर्षांची, म्हणजे आजार पॉलिसीआधीचा की नंतरचा तेच ठरेना. लगेच क्वेरी: पहिल्या निदानाचा कागद द्या. जिथं गोळी सुरू झाली तो गावचा दवाखाना जुनी चिठ्ठी ठेवत नाही, त्यामुळे तो कागद कुठंच नसतो. मग डॉक्टरांचं स्पष्टीकरणपत्र, त्यावर शिक्का, त्यावर पुन्हा "कशाच्या आधारे" अशी दुसरी क्वेरी.

सूचना सोपी आहे. त्या रकान्याशेजारी दोन खुणा द्या: माहिती कोणी दिली, आणि ती कागदावरून की तोंडी. तोंडी अंदाजावर जुन्या निदानाचा कागद मागता येणार नाही, असं पुढं लिहायचं.

दसराचौक_वकील

ताईंच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिने, पूर्वी तो ४८ होता. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती.

आता व्यवहारात काय होतं? सात-आठ वर्षं सलग असलेल्या पॉलिसीलासुद्धा "पहिलं निदान कधी" ही छापील क्वेरी जाते, कारण क्वेरी काढणाऱ्याच्या पडद्यावर सलग किती महिने झाले ते दिसत नाही किंवा तो बघत नाही. सूचना अशी लिहा: क्वेरीच्या पत्रावर पॉलिसीचे सलग महिने छापावेत, आणि ते ६० च्या वर असतील तर पॉलिसीपूर्व आजाराचा कागद मागण्यासाठी फसवणुकीचा नेमका संशय काय, हे लिहावं लागेल. एका आकड्यानं निम्मी पत्रं थांबतील असा माझा अंदाज.

पोर्ट करून, म्हणजे कंपनी बदलून, आलेल्या पॉलिसीत जुन्या कंपनीकडचे महिने धरायचे असतात, वाढवलेल्या रकमेला मात्र मुदत नव्यानं मोजतात. हे वाक्य सूचनेत घालायचं राहू नये.

टोमणा

वाचतंय कोण हे सगळं हैदराबादला? तुमचं चालू द्या.

करवीर_विमा

वाचतंय की नाही ते बघायचं साधन आहे भावा. आयआरडीएआय माहिती अधिकारात येते. दहा रुपये फी, अर्ज ऑनलाइन. मसुद्यावर आलेल्या सूचनांचं संकलन आणि त्यावरचे शेरे मागायचे. उत्तराची मुदत ३० दिवस.

शिरोलीची_एचआर

ग्रुप पॉलिसीचं मी सांगते. फाउंड्री, मशिन शॉप, सगळीकडे तेच. २१,००० पर्यंत पगार असलेले ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विमा योजनेत), त्यांचा विषय निराळा. वरच्यांसाठी कंपनीची ग्रुप पॉलिसी असते आणि तिथं नव्वद टक्के भानगड नावाची. मस्टरला "पाटील एस. बी.", आधारला "सुनील बाळासो पाटील", पॅनला "सुनील बाळासाहेब पाटील". बाळासो आणि बाळासाहेब एकच हे कोल्हापुरात शेंबडं पोरगंही सांगेल, पण दुसऱ्या राज्यात बसलेल्या तपासनिसाला ती दोन माणसं वाटतात. बायकांच्या नावाचं तर विचारू नका, पॉलिसीत सासरचं, बँकेत माहेरचं. दाखल होताना कार्ड चालून जातं, पैसे खात्यावर जमा करताना अडतं.

मग मागतात ॲफिडेव्हिट. त्याचा मुद्रांक आता शंभराचा नव्हे, पाचशेचा. वर नोटरी, टायपिंग आणि एक खाडा.

सूचना: आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक, जन्मतारीख आणि खात्याचा पडताळा जुळत असेल तर नावातल्या फरकासाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरे. १ जानेवारी २०२३ पासून नवीन पॉलिसी घेतानाच केवायसी सक्तीची आहे. ती एकदा झाली असेल तर दाव्याच्या वेळी ओळखीचे तेच कागद परत मागण्याचं कारण काय, हे कंपनीनं सांगावं.

आणि एचआरच्या लोकांनो, नवीन बाळाचं आणि नव्या सुनेचं नाव चढवायची मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. ती नोटीस बोर्डावर लावा. ती हुकली तर नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं आणि त्याला कुठलाही नियामक जबाबदार नाही.

दसराचौक_वकील

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर आपण मिळालेलंच परत मागत बसू. २९ मे २०२४ चं आरोग्य विम्याचं मास्टर परिपत्रक काढून वाचा. दावा निकाली काढण्यासाठी विमाधारकानं कागद द्यायचे नाहीत, ते कंपनीनं किंवा टीपीएनं (कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या संस्थेनं) दवाखान्याकडून घ्यायचे, हे त्यात आहे. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्यानं जादा आकारणी केली, तर ती रक्कम कंपनीनं भागधारकांच्या निधीतून द्यायची. क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारायचा नाही, आणि नाकारला किंवा कापला तर पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यायचा.

म्हणजे "कागद मागू नका" अशी सूचना आज लिहिली तर उत्तर तयार आहे: तरतूद आधीच आहे. आपली सूचना त्या तरतुदीच्या फटीवर बोट ठेवणारी हवी. फट कुठं आहे? नकाराला अटीचा हवाला लागतो, क्वेरीला लागत नाही. म्हणून नाकारायचं नसलं तरी क्वेरीवर क्वेरी काढून दावा लोंबकळत ठेवता येतो. कंटाळून माणूस सोडून देतो आणि नकाराच्या आकड्यांत ते कुठंच दिसत नाही.

क्लेमडेस्क

वकीलसाहेब, तीन तासांची दुसरी बाजूही लिहा. घड्याळ सुरू होतं दवाखान्यानं डिस्चार्जची विनंती पोर्टलवर पाठवली की. डॉक्टर दहाला राउंडमध्ये "घरी जा" म्हणतात, पण समरी टाइप व्हायची असते, फार्मसीची परत केलेली औषधं वजा व्हायची असतात, लॅबचा शेवटचा रिपोर्ट यायचा असतो. फाइल अपलोड होते दुपारी तीनला. पेशंटचे लोक दहापासून मोजतात आणि टीपीएला शिव्या घालतात. कधी शिव्या बरोबर जागी पडतात, कधी नाही.

अपलोडची वेळ पेशंटला एसएमएसनं गेली पाहिजे, ही सूचना घाला. आणि दुसरं, मधे क्वेरी आली तर घड्याळ थांबतं, चालू राहतं की शून्यापासून सुरू होतं, हे नियमात सरळ शब्दांत हवं. "इम्प्लांटचं स्टिकर अस्पष्ट आहे" अशी एक क्वेरी पाच वाजता टाकली की संध्याकाळ गेलीच.

स्टिकरबद्दल सांगते, कारण हे आपल्या हातात आहे. स्टेंट, मोतीबिंदूची लेन्स, गुडघ्याचा सांधा, प्रत्येकाच्या खोक्यावर बॅच आणि सिरियल नंबरचे स्टिकर असतात. एक केस पेपरवर, एक बिलाला. थिएटरमधल्या सिस्टरनं दोन्ही केस पेपरवर लावले की बिलासोबत जातो तो झेरॉक्स, आणि झेरॉक्समध्ये बारकोड काळा होतो. मोबाइलवर खोक्याचा फोटो काढून ठेवला तर निम्मं काम होतं.

औषधवाला_लक्ष्मीपुरी

परतफेडीच्या फायलीत औषधाची बिलं सगळ्यात जास्त बाद होतात, त्यावर बोलतो. बिलावर पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, तारीख, औषधाचं नाव, बॅच, एवढं लागतं. लोक "द्या की नुसती गोळी" म्हणून नाव न सांगता बिल घेतात. ते बिल रोखीचं, निनावी, आणि दाव्यात शून्य किमतीचं. चिठ्ठीची तारीख बिलाच्या नंतरची नसावी. दाखल होण्याआधीचा आणि घरी आल्यानंतरचा खर्च किती दिवसांचा मिळतो ते पॉलिसीत लिहिलेलं असतं, बहुतेकांत आधीचे ३० आणि नंतरचे ६०.

थर्मल कागदाचं बिल ही वेगळीच पीडा. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलं की पांढरं फटक पडतं. दावा करायला महिना-दोन महिने लागतात, तोवर अक्षरं उडालेली. आम्ही परत छापून दिलं तर त्यावर "डुप्लिकेट" येतं आणि ते घेत नाहीत. आणलं त्याच दिवशी झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं आख्खं बिल काळं होतं.

सूचना म्हणून: आमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेलं, बिल क्रमांक तोच असलेलं परत छापलेलं बिल ग्राह्य धरा. शंका असेल तर कंपनीनं दुकानाला फोन करून बिल क्रमांक ताडून घ्यावा, ड्रग लायसन्स नंबर बिलावरच असतो.

कागलकर

महात्मा फुले योजनेच्या कागदांबद्दल पण इथंच लिहायचं का? तिथं रेशनकार्डावरून लई घोळ होतोय.

आरोग्यसेवक_गडहिंग्लज

कागलकर, लिहा, पण पत्ता वेगळा. ती योजना आयआरडीएआयच्या मसुद्यात घालू नका. ती राज्याची, त्यामुळे सूचना राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे आणि सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. चुकीच्या दारात टाकलेली सूचना कुणी योग्य टेबलावर नेऊन देत नाही.

१ जुलै २०२४ पासून पाच लाखांचं संरक्षण पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळ्यांना झालं, पूर्वी दीड लाख होतं. कार्डाचा रंग आता आडवा येत नाही, कार्डावरचं नाव येतं. तीन ठिकाणी अडतं. एक, कार्ड जुनं, बारा अंकी ऑनलाइन क्रमांक नाही. दोन, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नाही, म्हणून सासरच्या कार्डात चढत नाही. माहेर कर्नाटकात असेल, आणि आपल्याकडं निपाणी-बेळगावकडच्या सुना काही कमी नाहीत, तर नाव कमी केल्याचा दाखला तिकडून आणावा लागतो. तीन, लहान मूल, ज्याचं नाव अजून कार्डातच नाही, तिथं जन्मदाखला आणि आई-वडिलांपैकी एकाची ओळख लागते.

हे सगळं पुरवठा शाखेत, म्हणजे तहसीलला. पेशंट सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) आणि घरातला एकटा धडधाकट माणूस तहसीलच्या रांगेत, हे चित्र टाळायचं असेल तर बरं असतानाच नावं तपासून घ्या. दाखल असाल तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठा. तातडीच्या केसमध्ये फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून. तो टाळायला लागला तर योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन लावा, त्याच्यासमोरच.

सत्तरीच्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, तिथं उत्पन्नाची अट नाही आणि आधारची ई-केवायसी पुरते. पण उसाच्या रानात आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. ऑपरेटर दोन-चारदा अंगठा दाबून "होत नाही आजोबा" म्हणून परत पाठवतो. चेहऱ्यावरून किंवा ओटीपीनं होतं, ते मागून घ्या. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असावा. सूचनेत लिहा: ठसा न उमटल्यास दुसरा पर्याय वापरणं ऑपरेटरला बंधनकारक करा.

पन्हाळगड_३

अमेरिकेत अशा कागदांचं वेगळं गणित आहे, ते इथं उपयोगी पडेल. तिथं पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट नावाचा कायदा १९८० पासून आहे, १९९५ मध्ये तो नव्यानं लिहिला. सरकारी खात्याला लोकांकडून माहिती घेणारा कुठलाही फॉर्म काढायचा तर आधी ६० दिवस सूचना मागवायच्या, मग व्हाइट हाउसच्या अखत्यारीतल्या बजेट कार्यालयाकडं पाठवून पुन्हा ३० दिवस. आरोग्य विमा योजनांना जे अहवाल आणि नमुने भरावे लागतात, तेही यात येतात. फॉर्म भरायला माणशी किती वेळ लागेल, वर्षाला किती जण भरतील, एकूण तास किती, त्याचा खर्च किती, हे खात्यालाच मांडून दाखवावं लागतं. मंजूर फॉर्मवर नियंत्रण क्रमांक असतो. तो वैध नसेल तर फॉर्म भरला नाही म्हणून शिक्षा करता येत नाही.

त्यामुळे तिथल्या सूचनाही त्या आकड्यांवर येतात. तुम्ही पंधरा मिनिटं धरलीत, प्रत्यक्षात दोन तास लागतात आणि त्याची कारणं ही, अशा.

दसराचौक_वकील

आपल्याकडं असा कायदा नाही, त्यामुळे तास मोजायची जबाबदारी कुणावर नाही. २०१४ चं विधिपूर्व सल्लामसलतीचं केंद्राचं धोरण आहे, त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असं म्हटलंय, पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. तरीही पन्हाळगडांची कल्पना घेण्यासारखी आहे. कारणाच्या रकान्यात विशेषणांऐवजी वेळ आणि पैसे लिहायचे. "ॲफिडेव्हिट: मुद्रांक ५०० रुपये, अधिक नोटरी, अधिक एक दिवसाची मजुरी, चंदगडच्या माणसाला वर एसटीचं जाऊन-येऊन भाडं." दाव्याची रक्कमच सहा हजार असेल तर त्या कागदापायी माणूस दावा सोडतो. प्रत्यक्ष पावत्यांवरचेच आकडे टाका, फुगवू नका.

भाषेचं कुणीतरी विचारेलच. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, घटनेचं कलम ३५०. मराठीत पाठवायचा हक्क आहे. पण वाचणारा तेलुगू भाषक असेल, म्हणून शेजारी इंग्रजी द्यावं. हट्टाला मराठी, कामाला इंग्रजी.

टोमणा

बरं, मानलं. मग त्या क्वेरीच्या फटीची ओळ लिहून दाखवा की एक.

करवीर_विमा

घ्या. वकीलसाहेबांनी तपासावी.

सुचवलेला मजकूर: "जादा कागद किंवा माहिती मागताना विमा कंपनीने मागणीपत्रात (अ) पॉलिसीतील कोणत्या अटीच्या निर्णयासाठी ती हवी आहे, आणि (आ) आधी मिळालेल्या कोणत्या कागदातून ती स्पष्ट होत नाही, हे नमूद करावे. पहिल्या मागणीच्या वेळी हाती असलेल्या कागदांवरून विचारता आला असता असा प्रश्न नंतरच्या मागणीपत्रात विचारता येणार नाही."

कारण: "कागद तुकड्या-तुकड्याने मागू नयेत हे तत्त्व मान्य आहे, पण ते मोडले गेले हे दाखवायला कागदोपत्री पुरावा उरत नाही. मागणीपत्रावरच कारण असल्यास विमा लोकपालासमोर ते तपासता येईल."

दसराचौक_वकील

चांगलं आहे. "हाती असलेल्या" ऐवजी "पोर्टलवर अपलोड झालेल्या" करा, नाहीतर कंपनी म्हणेल टीपीएकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. आणि सूचना वेगळी, तक्रार वेगळी, हे वर ठळक टाका. स्वतःचा अडकलेला दावा सूचनेच्या ईमेलमध्ये जोडला तर दोन्ही बुडतात. दाव्यासाठी आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ वर फोन. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही (आमच्या पोटावर पाय, पण खरं आहे), मर्यादा ५० लाख. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत.

औषधवाला_लक्ष्मीपुरी

परत छापलेल्या बिलाची माझी ओळ घातली का तक्त्यात?

करवीर_विमा

घातली. "अपलोड झालेल्या" हा बदलही केला. क्लेमडेस्क ताई, "कधीपासून"च्या रकान्याची ओळ तेवढी इंग्रजीत करून द्या, वैद्यकीय शब्द आमच्याकडून चुकतील. एचआर मॅडम, ॲफिडेव्हिटच्या खर्चाच्या दोन-तीन पावत्या नावं झाकून स्कॅन करा. रेशनकार्डाचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये करतोय, तो कागलकर आणि गडहिंग्लजवाल्यांनी भरायचा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच द्या, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं समोर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात.